ग्रीक-लॅटिनच्या वर्गात शिरण्याआधी : वाचकांचे प्रश्न

प्राचीन ग्रीस-रोमचे साहित्य आणि त्याचा पुढच्या काळावर पडलेला ठसा हा विषय अभ्यासक्रम म्हणून घ्यायचा असेल तर काय करावे, अशी विचारणा करणारी पत्रे बरीच आली. त्यांतली सहा निवडली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

मी संस्कृत घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. ग्रीक-लॅटिनचा गंधही नाही. परदेशात ‘क्लासिक्स’मध्ये एम.ए. करता येईल का? आणि आधी कोणती भाषा घ्यावी?
— विद्यार्थिनी, सांगली

करता येईल, पण ‘क्लासिक्स’ या एकाच पाटीखाली दोन वेगळे अभ्यासक्रम असतात, हे आधी ध्यानात घ्या. पहिल्यात मूळ भाषेतले ग्रंथ वाचावे लागतात. तिथे प्रवेशालाच एक किंवा दोन्ही भाषा साधारण दोन वर्षे शिकलेल्या लागतात. दुसऱ्यात प्राचीन इतिहास, संस्कृती आणि अभिजात साहित्याचे उत्तरकालीन ग्रहण (‘रिसेप्शन’, म्हणजे पुढच्या काळाने ते कसे स्वीकारले) हे विषय भाषांतरांवरून शिकवतात. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचा क्लासिकल स्टडीजमधला दूरस्थ एम.ए. या दुसऱ्या प्रकारातला. दुसरा मार्ग सोपा वाटतो. पण पुढे पीएच.डी. करायची असेल तर त्या दारात पुन्हा भाषाच आडवी येते. म्हणून विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाचे वर्णन नंतर वाचा, भाषेची अट आधी वाचा.

अमेरिकेत पीएच.डी.साठी अर्ज करताना मूळ भाषेत कोणते ग्रंथ, किती भाग वाचले याची यादी बहुधा मागतात. शिवाय पंधरा-वीस पानांचा लेखनाचा नमुना लागतो आणि पुढे जर्मन व फ्रेंच किंवा इटालियन वाचता येण्याची परीक्षा असते. भाषा कमी पडते अशांसाठी पेनसिल्व्हेनिया, यू.सी.एल.ए. अशा काही विद्यापीठांत पदवीनंतरचा एक-दोन वर्षांचा पूरक अभ्यासक्रम आहे. त्याचा खर्च मात्र बहुतेक वेळा स्वतःच उचलावा लागतो. जर्मनीत बहुतेक राज्यांत शिकवणी शुल्क नाही. हायडेलबर्ग, ट्युबिंगेन आणि फ्रायबुर्ग ज्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात आहेत तिथे युरोपीय संघाबाहेरच्यांना दर सत्राला १,५०० युरो पडतात. जर्मनीत ‘लाटिनुम’ आणि ‘ग्रेकुम’ ही लॅटिन-ग्रीकची भाषाप्रमाणपत्रे विचारतात, वर्गाची भाषा जर्मन असते आणि भारतीय पदवीधरांना २०२२च्या नोव्हेंबरपासून व्हिसाआधी ए.पी.एस.चे (पदव्यांची पडताळणी करणाऱ्या जर्मन कार्यालयाचे) प्रमाणपत्र सक्तीचे आहे. व्हिसासाठी राहण्या-जेवण्याच्या खर्चाची रक्कम बंद खात्यात (ब्लॉक्ड अकाउंट) दाखवावी लागते; वर्षासाठी ठेवायची रक्कम सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो झाली. हा आकडा मधूनमधून वाढतो, म्हणून अर्जाच्या दिवशी पुन्हा पाहा. इंग्लंडसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती नजरेत ठेवा. ती ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचे सोॲस या तीनच विद्यापीठांत मिळते, आणि पहिल्या दोन्ही ठिकाणी क्लासिक्सचे विभाग आहेत. सगळे विद्यार्थी ऑक्सफर्डकडेच धावतात; रेडिंगचा विचार फारसे कोणी करत नाही.

आता भाषा. मध्ययुगीन युरोप, चर्च, रोमन कायदा किंवा गोव्यातले जेझुइट यांत रस असेल तर लॅटिन आधी. बाकी संस्कृतच्या विद्यार्थ्याने ग्रीक आधी घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. तुमच्याजवळ असलेले भांडवल तिथेच वसूल होते. ‘ददामि’च्या शेजारी ‘दिदोमि’, ‘दधामि’च्या शेजारी ‘तिथेमि’ ठेवून पाहा. आत्मनेपद ग्रीकमध्ये जिवंत आहे, विधिलिङ् आहे, द्विवचन आहे, भूतकाळात धातूआधी येणाऱ्या ‘अ’च्या जागी ‘ए’ आहे आणि लिट्‌मधले द्वित्वही आहे. सति सप्तमी कळली असेल तर ग्रीकमध्ये तेच काम षष्ठी करते आणि लॅटिनमध्ये पंचमी, एवढेच लक्षात ठेवायचे.

संस्कृतवाले अडतात ते तीन ठिकाणी. एक, विभक्त्यांची वाटणी: ग्रीकमध्ये पंचमीचे काम षष्ठीने आणि तृतीया-सप्तमीचे काम चतुर्थीने गिळलेले आहे, त्यामुळे रूप ओळखले तरी अर्थ चुकतो. दोन, ‘तो म्हणाला की’ हे आपण ‘इति’ लावून उरकतो. ग्रीक-लॅटिनमध्ये कर्ता द्वितीयेत जातो आणि क्रियापद तुमन्तासारखे होते. ही रचना अंगवळणी पडेपर्यंत लिवी किंवा सीझरचे एक पानही धड लागत नाही. तीन, संस्कृत गद्य समासांवर चालते, तर ग्रीक गद्य कृदन्ते आणि ‘मेन’, ‘दे’, ‘गार’ अशा छोट्या अव्ययांवर. ही अव्यये सोडून दिली की वाक्य लागते, युक्तिवाद मात्र लागत नाही.

पुण्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या संस्थांमध्ये नव्या करारासाठी ग्रीक शिकवतात. बाहेरच्या विद्यार्थ्याला बसू देत असतील तर जरूर बसा. ती ग्रीक नंतरच्या काळातली आणि सोपी आहे. तिच्यात विधिलिङ् जवळजवळ नाही, म्हणून तिथून प्लेटोवर येताना मध्ये चार-पाच महिन्यांचा अथेन्सच्या बोलीतल्या, म्हणजे अ‍ॅटिक गद्याचा सराव धरा.

वय ४६, बँकेत नोकरी. रोज एक तास देऊ शकतो. इलियड मूळ ग्रीकमध्ये वाचायचे आहे. किती काळ लागेल? शिक्षक नाही.
— वाचक, ठाणे

इलियडच्या ओळी १५,६९३. तयार वाचक झाल्यावर रोज वीस ओळी झाल्या तरी सगळे पुरे व्हायला दोन वर्षांहून जास्त काळ जातो, आणि तयार व्हायलाच दीड वर्ष लागते. म्हणून सगळे वाचण्याचा संकल्प सोडून सर्ग १, ६, ९, १६, २२ आणि २४ एवढेच धरा. सांगाडा त्यांतच आहे.

फक्त होमरच वाचायचा असेल तर आधी अ‍ॅटिक आणि मग होमर हा शाळेतला क्रम तुमच्या उपयोगाचा नाही. क्लाइड फार यांचे १९२०चे होमरी ग्रीकचे पाठ्यपुस्तक इलियडच्या पहिल्या सर्गावरच बांधलेले आहे, आणि स्वामित्वहक्क संपल्यामुळे इंटरनेट अर्काइव्हवर मोफत मिळते. पहिला आठवडा चोवीस अक्षरांना द्या आणि ती हाताने लिहा. उच्चारात मराठी माणसाला फुकटचा फायदा आहे. ‘फी, थेता, खी’ ही अक्षरे प्राचीन काळी महाप्राण होती, म्हणजे आपले फ, थ, ख. फक्त ‘फ’ फळातला हवा, फॅनमधला नको. ‘पी, ताउ, काप्पा’ हे साधे प, त, क. इंग्रज विद्यार्थ्याला हा भेद ऐकूही येत नाही.

छंद पहिल्या दिवसापासून मोठ्याने म्हणा. सहा पदांची ओळ. पहिल्या पाचांतले प्रत्येक पद म्हणजे भ गण (गुरू, लघू, लघू) किंवा दोन गुरू; सहावे नेहमी दोनच अक्षरांचे. पाचवे पद जवळजवळ नेहमी भ गणच. जोडाक्षराआधीचे अक्षर गुरू हा नियम आपल्यासारखाच आहे. फरक असा की शब्दाच्या शेवटी दीर्घ स्वर आला आणि पुढचा शब्द स्वराने सुरू झाला तर होमर तो दीर्घ बहुधा लघू धरतो. हे माहीत नसले की तिसऱ्या-चौथ्या ओळीलाच मात्रा जुळेनाशा होतात आणि माणूस छंद सोडून देतो.

सुरुवातीला तासाभरात तीन-चार ओळी होतील. पहिल्या सर्गाच्या ६११ ओळी संपेपर्यंत पंधराच्या आसपास याल. एकट्याने शिकणारा बहुतेक वेळा फसतो तो पर्सियस डिजिटल लायब्ररीमुळे. शब्दावर टिचकी मारली की रूप आणि अर्थ समोर येतो, त्यामुळे डोक्यात काहीच उरत नाही. शिवाय एका शब्दाची तीन-चार शक्य रूपे असतील तर त्यांतले कोणते हे यंत्र अंदाजाने सुचवते, आणि तो अंदाज चुकतोही. आधी कागदावर स्वतः रूप ओळखा, अर्थ लिहा, मग तपासा. कोशासाठी शिकागो विद्यापीठाचे ‘लोगेयॉन’ वापरा. त्यात लिडेल-स्कॉट-जोन्स आणि इतर कोश एकत्र आहेत. स्वरचिन्हांवर पहिल्या वर्षी वेळ घालवू नका. ती ओळखता आली की पुरे, लिहिता येण्याची गरज नाही.

एम.ए. मराठीच्या प्रबंधिकेसाठी ‘ग्रीक शोकात्मिका आणि नाट्यशास्त्र : तौलनिक अभ्यास’ असा विषय दिला होता. मार्गदर्शक म्हणाले, हे ‘रिसेप्शन’ नव्हे. मग रिसेप्शन म्हणजे नेमके काय, आणि मराठीत त्यासाठी काय करता येईल?
— विद्यार्थी, नागपूर

मार्गदर्शकांचे बरोबर आहे. दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य-भेद सांगणे ही तुलना. ग्रहणाच्या, म्हणजे रिसेप्शनच्या, अभ्यासात वाट दाखवावी लागते: कोणता ग्रंथ, कोणत्या प्रतीतून, कोणत्या भाषांतरातून, कोणाच्या हाती, केव्हा आला आणि त्याने त्याचे काय केले. भरत आणि अ‍ॅरिस्टॉटल यांच्यात अशी वाट दाखवता येत नाही. विंदा करंदीकर आणि अ‍ॅरिस्टॉटल यांच्यात येते, कारण करंदीकरांनी त्याच्या काव्यशास्त्राचे मराठी भाषांतर केले.

या शाखेची सैद्धान्तिक सुरुवात सहसा कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या हान्स रॉबर्ट याउस यांच्या १९६७च्या व्याख्यानापासून धरतात. इंग्रजी क्लासिक्समध्ये ती चार्ल्स मार्टिंडेल यांच्या १९९३च्या पुस्तकाने रुजली. हे दोन संदर्भ प्रस्तावनेत एक परिच्छेद घेतील, तेवढेच द्या. सिद्धान्ताची चाळीस पाने लिहून मूळ कृतीला दहा पाने देणारे प्रबंध परीक्षकांना पाठ झाले आहेत.

विषय म्हणून पु. ल. देशपांडे यांचे ‘राजा ओयदिपौस’ (१९७९) घेऊन बघा. सॉफोक्लीजच्या मूळ ग्रीक नाटकाच्या ओळी १५३०. पहिली पायरी: मराठी संहितेच्या समासात सॉफोक्लीजच्या ओळींचे क्रमांक टाका. कोरसची गाणी १५१–२१५, ४६३–५१२, ८६३–९१०, १०८६–११०९ आणि ११८६–१२२२ या ओळींत आहेत. ती मराठीत पद्यात आली, गद्यात आली, कापली की कोणा पात्राच्या तोंडी दिली, याची नोंद करा. दुसरी पायरी: १९७९ आधी उपलब्ध असलेली इंग्रजी भाषांतरे जमवा. जेब यांची १८८३ची आवृत्ती, गिल्बर्ट मरे यांचे १९११चे यमकबद्ध भाषांतर, येट्सचे १९२८चे संक्षिप्त रूप आणि वॉटलिंग यांचे १९४७चे पेंग्विन एवढी तरी हवीत. तिसरी पायरी सगळ्यांत महत्त्वाची. जिथे सगळी भाषांतरे एकच सांगतात त्या जागा निरुपयोगी आहेत. जिथे ती फुटतात त्या सहा-सात जागा निवडा आणि मराठी कोणाच्या बाजूने जाते ते पाहा.

उदाहरणार्थ ओळ ८७३. हस्तलिखितांत ‘उन्मत्तपणा जुलमी राजाला जन्म देतो’ असा पाठ आहे. ब्लेड्स या संपादकांनी अक्षरे थोडी बदलून ‘जुलमी सत्ता उन्मत्तपणाला जन्म देते’ असा उलटा पाठ सुचवला, आणि ऑक्सफर्डच्या १९९०च्या आवृत्तीने तो स्वीकारला. मराठीत कोणते आले आहे? तसेच शेवटच्या १५२४–१५३० या ओळी सॉफोक्लीजच्या नसाव्यात असे अनेक संपादक मानतात. मराठीत त्या आहेत का? मूळ ग्रीकमध्ये नसलेली एखादी भर इंग्रजी भाषांतरात आणि मराठीत दोन्हीकडे सापडली, तर तो सर्वांत भक्कम पुरावा. हस्तलिखितांची वंशावळ लावताना सामाईक चुका शोधतात, तेच तंत्र. नुसते सामाईक बरोबर भाषांतर काहीच सिद्ध करत नाही, आणि बहुतेक प्रबंधिका इथेच घसरतात. पुस्तकाची प्रस्तावना, श्रेयनामावली आणि त्या काळची नाट्यपरीक्षणे हा बाहेरचा पुरावा वेगळ्या प्रकरणात ठेवा.

ग्रीक अजिबात येत नसेल तर इसाप घ्या. तिथे भाषेचा अडसर कमी आणि साहित्य भरपूर. तंजावरला सरफोजीराजांच्या छापखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ‘बालबोधमुक्तावली’ हा इसापकथांचा संग्रह निघाला, आणि मुंबईत सदाशिव काशिनाथ छत्रे यांचे इसापनीतीचे भाषांतर १८२८ मध्ये. दोन्ही इंग्रजीवरून. इसापकथांना पेरी यांनी दिलेले क्रमांक जगभर चालतात: कोल्हा आणि द्राक्षे १५, सिंह आणि उंदीर १५०, लांडगा आला रे २१०, ससा-कासव २२६, मुंगी आणि नाकतोडा ३७३. दोन्ही मराठी संग्रहांतल्या कथांना हे क्रमांक लावून तक्ता करा. ज्या कथांना क्रमांकच मिळत नाही त्या कुठून आल्या, हा तुमचा प्रबंध.

प्लेटोचे अवतरण देताना मी पेंग्विनच्या पुस्तकाचा पान क्रमांक दिला, तर चर्चासत्राच्या संपादकांनी निबंध परत पाठवला. का?
— प्राध्यापिका, कोल्हापूर

कारण तो क्रमांक दुसऱ्या कोणाच्याच पुस्तकात जुळत नाही. प्लेटोसाठी एस्तिएनच्या १५७८च्या आवृत्तीची पाने आणि त्यांतले अ ते इ हे भाग वापरतात: गुहेचे रूपक म्हणजे ‘रिपब्लिक’ ५१४अ पासून पुढे. अ‍ॅरिस्टॉटलसाठी बेकरच्या १८३१च्या आवृत्तीची पाने, स्तंभ आणि ओळी: शोकात्मिकेची व्याख्या काव्यशास्त्र १४४९ब२४ पासून. काव्य-नाटकाला सर्ग आणि ओळ, इतिहासकारांना खंड-प्रकरण-परिच्छेद. हे आकडे चांगल्या भाषांतरांत समासात छापलेले असतात. नसतील तर ते भाषांतर संशोधनाला घेऊ नका. भाषांतरकाराचे नाव मात्र वेगळे द्यावेच लागते.

जर्मनीत पहिलेच सत्र आहे. ‘प्रोसेमिनार’मध्ये मला सादरीकरण आले आहे, मग निबंध. तिथे नेमके काय अपेक्षित असते?
— विद्यार्थिनी, मूळ नाशिक

प्रोसेमिनार म्हणजे पदवीच्या सुरुवातीच्या टप्प्यातला चर्चावर्ग. सादरीकरणाला ‘रेफराट’ म्हणतात. वीस ते तीस मिनिटे. वीस मिनिटांत साधारण दोन हजार शब्दच बसतात, आणि परक्या भाषेत त्याहून कमी, म्हणून सतराशेवर थांबा. सोबत एक-दोन पानांचे टिपण वाटायचे: वर मूळ उतारा, खाली तुमचे स्वतःचे भाषांतर, मग तीन-चार मुद्दे आणि साहित्ययादी. ‘स्वतःचे’ यावर भर आहे. लोब ग्रंथमालेतले इंग्रजी भाषांतर उचलले तर प्राध्यापकांना पहिल्या ओळीत कळते.

उताऱ्याखाली बारीक अक्षरात पाठभेदांची पट्टी असते. ती वाचून या. कोणत्या हस्तलिखितात काय आहे, कोणी काय सुचवले, संपादकाने काय निवडले. कोनाकार कंसातला मजकूर संपादकाने घातलेला, चौकोनी कंसातला त्याला उपरा वाटणारा, आणि कट्यारीच्या खुणांमधला भाग बिघडलेला, ज्याला इलाज सापडलेला नाही. पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो. कथानक सांगण्यात दहा मिनिटे घालवणे ही आपल्याकडून गेलेल्यांची ठरलेली चूक; ते सगळ्यांनी वाचलेले असते.

निबंध म्हणजे ‘हाउसआर्बाइट’. प्रोसेमिनारला साधारण पंधरा पाने, मुदत अनेक ठिकाणी सत्राच्या अखेरीपर्यंत, म्हणजे हिवाळी सत्रासाठी ३१ मार्च. तास फेब्रुवारीत संपतात म्हणून निवांत राहू नका. एका क्रेडिटमागे तीस तास काम धरलेले असते आणि ग्रंथालयातली टीकापुस्तके सुट्टीत सगळ्यांना एकदम हवी असतात. विषयाचा एक परिच्छेद आणि साहित्ययादी घेऊन जानेवारीतच प्राध्यापकांच्या भेटीच्या वेळेत जा. यादीत सगळे इंग्रजीच असेल तर तिथेच अडवतात.

मी इतिहास शिकवतो. आमच्या भागातल्या पैठण-तेरचा उल्लेख असलेल्या ‘पेरिप्लस’वर महाविद्यालयात दोन तासांची कार्यशाळा घ्यायची आहे. कशी बसवावी?
— शिक्षक, धाराशिव

छान विषय, आणि मुलांना ग्रीक येण्याची गरज नाही. इ.स.च्या पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ग्रीकमध्ये लिहिलेली ही व्यापाऱ्याची मार्गदर्शिका आहे. परिच्छेद ४१ ते ५३ एवढेच वाचायला द्या. शॉफ यांचे १९१२चे इंग्रजी भाषांतर मोफत मिळते. कॅसन यांची १९८९ची आवृत्ती ग्रंथालयातून मिळाली तर शिक्षकाने टिपणांसाठी तीच वापरावी, कारण शॉफ यांची टिपणे आता जुनी झाली आहेत.

पहिली चाळीस मिनिटे परिच्छेद ४९ आणि ५१ ना द्या. ४९ मध्ये भडोचला काय उतरत होते त्याची यादी आहे: इटलीची दारू, तांबे, कथील, शिसे, पोवळे, नाणी. ५१ मध्ये भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांवर पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर म्हणजे तेर. पैठणहून रंगीत मौल्यवान दगड, तेरहून कापड. मुलांना नकाशावर ही अंतरे मोजायला सांगा. दिशा नीट जुळत नाही, कारण तेर पैठणच्या आग्नेयेला आहे. त्यावर वाद होऊ द्या. लेखकाने पैठण-तेर स्वतः पाहिले होते की भडोचच्या बंदरात ऐकले होते, हा प्रश्न मुलांच्या तोंडूनच येतो.

पुढची चाळीस मिनिटे ५२ वर. कल्याण आधी अधिकृत बाजारपेठ होती, नंतर सत्ता बदलली आणि तिथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तिथे म्हटले आहे. याच्या शेजारी जोगलटेंभीचा साठा ठेवा. नाशिक जिल्ह्यात १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपान याची तेरा हजारांवर चांदीची नाणी सापडली, त्यांवर ग्रीक अक्षरे आहेत आणि दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नाणी आणि ग्रंथ एकाच झगड्याकडे बोट दाखवतात. पण इथे सावध राहा. परिच्छेद ४१ मधला राजा म्हणजे नहपान हे संपादकांनी राजाच्या नावाची अक्षरे दुरुस्त करून बसवलेले आहे. हा ग्रंथ हायडेलबर्गच्या दहाव्या शतकातल्या एकाच हस्तलिखितावर उभा आहे. लंडनची दुसरी प्रत त्याचीच नक्कल. मुलांना हे सांगितले नाही तर ती अंदाज पाठ करून परीक्षेत लिहितात.

उरलेली चाळीस मिनिटे तेरच्या संग्रहालयासाठी ठेवा, किंवा प्रत्यक्ष जाणे जमत नसेल तर तिथल्या वस्तूंच्या छायाचित्रांसाठी. कोल्हापूरला ब्रह्मपुरीत सापडलेला पोसायडनचा लहान ब्राँझ पुतळाही जोडता येईल. प्रत्येक वस्तूसाठी मुलांनी तीन रकाने भरावेत: वस्तू कुठे मिळाली, पेरिप्लसमध्ये तिचा उल्लेख आहे का, नसेल तर ती इथवर कोणत्या मार्गाने आली असेल. टॉलेमीचा भूगोल या तक्त्यात मिसळू नका. तो दुसऱ्या शतकातला आहे आणि त्याची गावे-अंतरे वेगळ्या पद्धतीने मांडलेली आहेत. दोन्ही एकत्र केले की तेर दोन ठिकाणी दिसू लागते. टॉलेमी घ्यायचाच असेल तर दुसऱ्या दिवशी, वेगळ्या नकाशावर.